जिथं दाणा, तिथंच नांगर

जूनच्या अखेरीस वडोदऱ्याहून सावलीच्या किंवा वाघोडियाच्या रस्त्याला लागलात, तर पहिल्या जोरदार पावसानंतर एक गोष्ट हमखास दिसते. उन्हाळ्यात नांगरून, वर रोटाव्हेटर फिरवून रव्यासारखं बारीक केलेल्या शेतात गढूळ पाणी साचलेलं असतं. सखल कोपऱ्यात ते बांध फोडून चरात उतरत असतं. आणि हातभर अंतरावर, ज्या बांधाला वर्षानुवर्षं लोखंड लागलेलं नाही, तिथं पाण्याचा मागमूस नसतो. गवतात पाय ठेवला तर ओल लागते, चिखल लागत नाही.

पाऊस तोच, माती तीच. भुसभुशीत केलेल्या जमिनीत पाणी जास्त मुरायला हवं, असं कुणीही म्हणेल. मग ते टणक बांधात कसं मुरलं?

या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की अमेरिकेतल्या मका उत्पादकांनी गेल्या काही दशकांत धरलेल्या एका पद्धतीशी आपण येऊन पोचतो. तिला तिकडे स्ट्रिप टिलेज म्हणतात. सगळं शेत न नांगरता, बी जिथं पडणार तेवढाच पट्टा नांगरायचा. आपण तिला पट्टा नांगरट म्हणू.

बांधावर पाणी का मुरतं

माती म्हणजे नुसते कण नव्हेत. वाळू, गाळ आणि चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून लहान-मोठे रवे होतात. त्यांना चिकटवणारे पदार्थ सजीवांकडून येतात: मुळांमधून पाझरणारे डिंक, जिवाणूंचा बुळबुळीत स्राव, बुरशीचे केसाहून बारीक धागे. रव्यांच्या आत आणि रव्यारव्यांमध्ये पोकळ्या असतात. मेलेल्या मुळांच्या नळ्या आणि गांडुळांची बिळं त्या पोकळ्यांना वरपासून खालपर्यंत जोडतात.

ढोकळ्यावर फोडणीचं पाणी ओतलं की क्षणात आत जातं, कारण त्याच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तोच ढोकळा कुस्करून ताटात थापला तर वजन तेवढंच राहतं, पण पाणी वर तरंगतं. रोटाव्हेटर शेताचं नेमकं हेच करतो. पाती फिरल्यावर माती हलकी आणि फुगीर दिसते, पण रवे तुटलेले असतात आणि वरून खाली जाणाऱ्या नळ्या कापलेल्या असतात. पावसाचा मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळतो. उघड्या, रवे तुटलेल्या मातीवर असे थेंब पडले की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाण्याबरोबर खाली जातात आणि उरलीसुरली भोकं बुजवतात. ऊन पडलं की वर पापडी धरते. मक्याचा कोंब त्या पापडीखाली वळवळतो, पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो, उगवण विरळ झाली.

त्याखाली आणखी एक थर असतो. दर वर्षी त्याच खोलीवर फाळ आणि पाती घासत गेल्यानं, वर ट्रॅक्टरचं वजन पडल्यानं, वीतभर खोलीवर माती दाबून घट्ट होते. एप्रिलमध्ये कुदळीनं दीड फुटाचा खड्डा खणा आणि भिंत सुरीच्या टोकानं वरून खाली टोचत जा. सुरी एका ठिकाणी अडते, तिथून चार बोटं खाली गेली की पुन्हा सहज शिरते. तोच तो थर. खरिपातलं मक्याचं झाड उपटलं तर मुळं या खोलीवर आडवी वळलेली दिसतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. नांगरटीनं माती उघडी पडते, तिला एकदम भरपूर हवा मिळते आणि जिवाणू झपाट्यानं कामाला लागतात. ते सेंद्रिय पदार्थ खातात, त्यातला नायट्रोजन सुटा होतो आणि पीक हिरवंगार दिसतं. नांगरलं की जमीन तेज धरते, हा जुना अनुभव खोटा नाही. पण ते तेज साठ्यातून काढलेलं असतं. कार्बन वायू होऊन उडून जातो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला की अहवालात 'कमी' असा शेरा पडतो, आणि आपल्याकडे तो शेरा कुणाला नवा नाही.

> घरी करून पाहा
> शेतातलं एक आणि बांधावरच्या गवताखालचं एक, अशी सुपारीएवढी दोन ढेकळं सावलीत पूर्ण वाळवा. काचेच्या दोन ग्लासांत पाणी भरा, वर तारेची जाळी अडकवा आणि ढेकळं जाळीवर अलगद सोडा. बांधाचं ढेकूळ बराच वेळ शाबूत राहतं. सतत नांगरलेल्या शेताचं काही मिनिटांत विरघळून तळाशी बसतं आणि पाणी गढूळ होतं. दर उन्हाळ्यात ही चाचणी करत गेलात, तर जमीन सुधारतेय का हे प्रयोगशाळेच्या आधी कळेल.

मग नांगर आलाच कशाला

नांगराला सरसकट दोष देणं सोपं आहे, पण त्याची कामं खरी आहेत. तो तण मारतो. आधीच्या पिकाची धसकटं गाडतो. बी मातीला सगळीकडून चिकटेल अशी मऊ जागा करून देतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जेथ्रो टल यांचा तर समज होता की झाडं मातीचे बारीक कणच खातात, म्हणून माती जितकी कुटावी तितकं पीक चांगलं. समज चुकीचा होता, पण त्यातून आलेली कुटण्याची हौस अजून टिकून आहे. आता तिला पन्नास हॉर्सपॉवरची जोड मिळाली आहे.

अमेरिकेला या हौसेची किंमत १९३०च्या दशकात मोजावी लागली. मधल्या मैदानी राज्यांत गवताळ जमीन फोडून गहू पेरला होता. लागोपाठ दुष्काळ पडले आणि उघडी माती वाऱ्यावर स्वार झाली. १४ एप्रिल १९३५च्या रविवारी आलेल्या धुळीच्या वादळानं भरदिवसा अंधार केला. त्याच महिन्यात तिथं मृदसंधारणाचा कायदा झाला. १९४३ साली एडवर्ड फॉकनर यांनी नांगराचीच उलटतपासणी घेणारं पुस्तक लिहिलं आणि कृषिशास्त्रज्ञांत वाद पेटला. १९६२ साली केंटकीतल्या हर्नडन इथं हॅरी यंग यांनी एका लहान तुकड्यात नांगर न लावता पीक घेऊन दाखवलं. तणनाशकं हाताशी आली होती, म्हणून ते जमलं.

थंडी त्यांची, पाणी आपलं

पण शून्य नांगरटीनं मक्याच्या शेतकऱ्याची पंचाईत केली. मक्याचं बी साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली रुजत नाही. आयोवा-इंडियानात एप्रिलमध्ये जमीन आधीच गार असते. त्यावर गेल्या वर्षीच्या ताटांची जाड गादी असली की ती लवकर तापत नाही, वाळतही नाही. पेरणी लांबते, उगवण मागंपुढं होते. शिवाय पेरणीयंत्राची तबकडी ताट कापण्याऐवजी तेच चरात दाबते आणि बी मातीऐवजी पालापाचोळ्यात पडतं.

पट्टा नांगरट ही यावरची तडजोड आहे. मक्याच्या दोन ओळींत तिकडे ७६ सेंटिमीटर अंतर असतं. त्यातला २० ते २५ सेंटिमीटरचा पट्टा तेवढा मोकळा करायचा: पुढं ताटं बाजूला सारणारी चाकं, मागं १५-२० सेंटिमीटर खोल जाणारा फाळ आणि त्याच फाळातून खत. हे काम बहुधा शरद ऋतूत उरकतात. हिवाळाभर पट्टा उघडा राहतो, वसंतात लवकर तापतो आणि बी बरोबर त्याच्या मध्यावर पडतं. काही इंच इकडेतिकडे झालं तर सगळी मेहनत वाया. म्हणून उपग्रहावरून दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत अचूक दिशा दाखवणारी यंत्रणा स्वस्त झाली, तसा या पद्धतीचा प्रसार वाढला.

वडोदऱ्याला यातलं काय लागू पडतं? थंडी तर मुळीच नाही. मे महिन्यात इथली उघडी जमीन हात लावू देत नाही, तिला गार ठेवायची गरज आहे. इथला प्रश्न पाण्याचा आहे. वर्षाचा सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत. एका एकरावर १० मिलिमीटर पाऊस जास्तीचा मुरला, तर ते ४०,००० लिटर होतात. ऑगस्टमध्ये पावसानं पंधरा दिवस दडी मारली आणि मका तुऱ्यावर असला, तर हेच पाणी कणीस भरतं. मुरलं नाही तर ते माती घेऊन जातं. मही नदीच्या काठची खोल कोतरं, म्हणजे घळी, अशाच वाहत्या पाण्यानं कोरली आहेत. त्यांचा अभ्यास करणारं केंद्र सरकारचं मृद व जलसंधारण संशोधन केंद्र वासदला आहे, वडोदऱ्याहून अहमदाबादच्या रस्त्यावर.

म्हणून तिकडचं यंत्र आणि वेळापत्रक जसंच्या तसं आणण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. आणायची आहे ती वाटणी: शेताचा एक तृतीयांश भाग बियासाठी आणि दोन तृतीयांश पाण्यासाठी.

ही वाटणी जमिनीप्रमाणेही बदलते. महीकडची गोराडू जमीन हलकी, तिच्यावर पापडी लवकर धरते. तिथं सपाट पट्टा आणि मधल्या जागेत ताटांचं आच्छादन पुरतं. करजण-डभोईकडची काळी जमीन वेगळी. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगते आणि अशा रीतीनं आपली आपणच थोडी मशागत करते. पण एकदा भिजली की सुटत नाही. सहा पानांवर येईपर्यंत मक्याचा वाढीचा शेंडा जमिनीखाली असतो आणि तो पाण्याखाली दोन-चार दिवसांहून जास्त तग धरत नाही. अशा जमिनीत पट्टा उंच हवा, म्हणजे वरंब्याच्या माथ्यावर.

नेरळ आणि कोल्हापूर

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा अनुभव रायगड जिल्ह्यातला आहे. कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही पद्धत बसवली. कोकणात भात म्हटलं की चिखलणी आणि लावणी आलीच. त्यांनी दोन्ही सोडलं. साधारण साडेचार फुटांवर एक असे कायमचे गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्यानं ठरावीक अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा घ्यायचा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा न नांगरता भात. भातासाठी सुरू झालेली ही पद्धत नंतर इतर पिकांपर्यंत पोचली.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर उसातून याच ठिकाणी आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाहेरून गाडीभर शेणखत आणण्यापेक्षा पिकाची खोडकी आणि मुळं जागच्या जागी कुजू द्या, तेच उत्तम खत. जुनी खोडकी उपटायची नाहीत, नव्या लागवडीपुरती रेघ तेवढी उघडायची. हीसुद्धा पट्टा नांगरटच, फक्त तिला त्यांनी तसं नाव दिलं नाही.

दोघांच्याही पद्धतीत तणनाशकाचा वाटा मोठा आहे, हे झाकून ठेवू नये. त्यातल्या ग्लायफोसेट या तणनाशकाचा प्रश्न तर उघडाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. इतर अनेक नियामक संस्थांना ते पटलेलं नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना काढली. पट्टा नांगरटीत एक सोय आहे: ओळीतलं तण फाळानं मरतं आणि मधलं कोळप्यानं किंवा आच्छादनानं दाबता येतं. फवारणी संपत नाही, पण कमी होते.

सावकाश कसं वळायचं

समजा, वाघोडियाकडच्या एका शेतकऱ्याची पाच एकर आहे. खरिपात तीन एकर मका, मागून हरभरा, उरलेल्या दोन एकरांत एरंडी. त्यानं एकाच वर्षी सगळं शेत बदललं, तर पहिल्या फटक्याला तो माघारी फिरेल. म्हणून एक एकर.

पहिल्या वर्षी विकत काहीच घ्यायचं नाही. रोटाव्हेटर बंद करायचा, बस. खड्डा खणून तो घट्ट थर पाहायचा. असला तर जमीन खडखडीत कोरडी असताना सबसॉयलरनं एकदाच फोडायचा. ओल्या जमिनीत फाळ थर फोडत नाही, त्याच्या बाजू लिंपून आणखी घट्ट करतो.

दुसऱ्या वर्षी चाकांच्या वाटा ठरवायच्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात. घरच्या नऊ दाती कल्टिव्हेटरवरच पट्टे पाडता येतात. दातांत साधारण ९ इंच अंतर असतं, म्हणून दुसरा, पाचवा आणि आठवा ठेवून बाकीचे काढले की २७ इंचांवर तीन ओळी मिळतात. हिशेब सुटसुटीत दिसतो, पण ट्रॅक्टरची मागची चाकं बहुतेक वेळा नेमकी दुसऱ्या आणि आठव्या दातासमोर येतात. म्हणजे जिथं बी पेरायचं तिथंच टनभर वजन. त्यापेक्षा दोनच दात ठेवावेत आणि बोल्ट सैल करून ते मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साडेतेरा-साडेतेरा इंचांवर सरकवावेत. अंतर २७ इंचच राहतं, चाकं ओळींच्या बाहेर पडतात आणि पुढच्या फेरीत एक चाक आधीच्याच चाकोरीत येतं. दोन ओळी, एक चाकोरी, पुन्हा दोन ओळी. चाकोरी ते चाकोरी ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट. नेरळच्या गादीवाफ्याचं मापही हेच आहे.

दात कमी झाले की आणखी एक गोष्ट सुकर होते. नऊ दातांत ताटं अडकून ढीग होतो, दोन दातांत होत नाही.

तिसऱ्या वर्षापासून धसकटं ठेवायची. मका कापताना वीतभर खोड उभं सोडायचं, मुळं उपटायची नाहीत. वापसा आल्यावर, म्हणजे मूठभर माती दाबून सोडली की ती फुटते पण बोटांना चिकटत नाही अशा वेळी, पट्टा पाडायचा. जुन्या धसकटांवरूनच फाळ नेला तर तो अडखळतो. चार-पाच इंच बाजूनं नेला तर अडखळत नाही आणि चाकोरीही मोडत नाही. खताचा पहिला हप्ता याच पट्ट्यात, बियाच्या खाली आणि थोडा बाजूला पेरायचा. बियाला चिकटलेलं खत कोंब जाळतं. मग ओळीत वीतभर अंतरावर टोकण.

काय बिघडतं

पहिल्या वर्षांत मका पिवळा पडू शकतो. मक्याच्या वाळल्या ताटांत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन फार कमी, साधारण साठास एक. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजन कमी पडला की ते तो मातीतून ओढतात आणि पिकाच्या वाट्याचा नायट्रोजन काही आठवडे अडकतो. ताटं पट्ट्याबाहेर आणि युरिया पट्ट्यात, एवढं सांभाळलं की त्रास बराच कमी होतो. मागून हरभरा असला तर आणखी बरं. वडोदऱ्यातच मॉडेल फार्मवर आणंद कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र आहे, मक्याचं केंद्र गोध्र्याला. दोन्ही ठिकाणचे लोक शेतकऱ्याशी बोलतात.

अळीचा प्रश्न अवघड आहे. २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात घुसते आणि पुढं जमिनीत काही सेंटिमीटरवर कोषात जाते. उन्हाळी खोल नांगरट करून कोष ऊन आणि पक्ष्यांसमोर उघडे पाडा, हा तिच्यावरचा अधिकृत सल्ला. पट्टा नांगरट याच्या अगदी उलट जाते. न नांगरलेल्या जमिनीत अळी खाणारे मुंगळे आणि भुंगे टिकतात हे खरं, पण त्यांच्या भरवशावर शेत सोडता येत नाही. कामगंध सापळे आणि पोंग्यांची नियमित पाहणी चुकवून चालणार नाही. ज्या शेतात गेल्या वर्षी अळीनं धुमाकूळ घातला, ते एकर बदलासाठी निवडू नये.

आणि चारा. दाहोद, पंचमहाल आणि २०१३ मध्ये वडोदऱ्यापासून वेगळ्या झालेल्या छोटा उदेपूरमध्ये मका आधी घरच्या रोटल्यासाठी आणि त्याचं ताट जनावरासाठी. डेअरीला दूध घालणाऱ्या घराला 'ताटं शेतात कुजवा' असं सांगणं म्हणजे महिन्याच्या पगाराला हात घालणं. तिथं वीतभर धसकट आणि मुळं एवढंच मागावं. जमिनीला त्याचाही उपयोग होतो, कारण मुळांतून आलेला कार्बन वरच्या पाल्यापेक्षा मातीत जास्त टिकतो.

उत्पादनाचं काय? २०१५ साली 'नेचर' नियतकालिकात ६१० अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. नांगरट पूर्ण थांबवल्यावर सरासरी उत्पादन ५.७ टक्के घटलं. पण कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात, ताटं राखली आणि पिकं फिरवली, तेव्हा ते ७.३ टक्के वाढलं. हे आकडे शून्य नांगरटीचे आहेत, पट्ट्याचे नाहीत. तरी ते एक सांगतात: नुसता नांगर थांबवून फायदा होत नाही, आच्छादन आणि फेरपालट सोबत हवेत.

यातला फायदा उशिरा येतो. डिझेलची बचत पहिल्याच वर्षी दिसते, मातीचे रवे बांधायला तीन-चार हंगाम जातात. स्वतःच्या जमिनीवर शेतकरी तेवढा थांबू शकतो. भागानं किंवा वर्षाच्या बोलीवर जमीन कसणाऱ्याला पुढच्या जूनमध्ये तीच जमीन मिळेल याची खात्री नसते. तो रोटाव्हेटर मारून यंदाचं पीक काढणार, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल. चार वर्षांची बोली लेखी झाली, तर त्याच्याशी या पद्धतीबद्दल बोलता येईल.